राखणीचा कुत्रा: आधी धीट, मग सावध

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं राखणीच्या कुत्र्यांविषयी आहेत. म्हणून खाणंपिणं, केस गळणं, प्रवास वगैरेंचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत.

प्रश्न: आमचं घर वस्तीच्या अगदी टोकाला आहे. नोकरीमुळे मी आठवड्यातले काही दिवस बाहेरगावी असतो. घरी बायको आणि दोन मुलं, एक सात वर्षांचं, एक चार. घर राखेल आणि मुलांनाही जपेल असा कुत्रा हवा आहे. मित्र म्हणतो रॉटवायलर घे, भाऊ म्हणतो डॉबरमन, बायको म्हणते लॅब्राडॉर पुरे. पिल्लू कोणत्या जातीचं घ्यावं आणि कसं निवडावं?

जातीकडे वळण्याआधी कुत्र्याकडून नेमकं काय हवंय ते ठरवू या. अनोळखी माणूस फाटकाशी आला की त्याने भुंकून कळवावं, घरातलं कुणी बाहेर येईपर्यंत तिथे उभं राहावं आणि घरातल्याने "पुरे" म्हटलं की गप्प व्हावं. घरगुती राखण म्हणजे एवढंच. चावणं यात कुठेही बसत नाही. तुमच्या दारावर चोर क्वचित कधी येईल. टपाल देणारा, मीटर बघणारा, शेजारीण आणि मुलांचे मित्र रोज येतील. चोर कोण आणि मित्र कोण हे कुत्र्याला कळत नाही. त्याला ओळखीचा आणि अनोळखी एवढंच कळतं. अनोळखी दिसला की दात लावणारा कुत्रा उद्या तुमच्याच मुलाच्या वर्गमित्राला फाडेल.

आता जात. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी वागणुकीबद्दल प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता आला. जातीला काहीच अर्थ नाही असं यावरून म्हणता येणार नाही. कुत्र्याचं आकारमान, जबड्याची ताकद, कोणत्या कामासाठी त्याची पैदास झाली हे जातीवरून कळतं. जर्मन शेफर्ड मुळात मेंढ्या वळणारा. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ यांनी पहिला नर नोंदवून त्याची रीतसर पैदास सुरू केली. डॉबरमन हे नाव पडलं ते जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्यावरून. पैसे घेऊन हिंडताना सोबत असावी म्हणून त्याने हे कुत्रे घडवले असं मानलं जातं. रॉटवायलरचे पूर्वज गुरं हाकत. तिन्ही कामाचे, हुशार आणि माणसाला चिकटून राहणारे. पण तुमच्या अंगणात उतरणारं पिल्लू कसं निघेल हे त्याचे आईबाप आणि पहिले चार महिने ठरवतात.

म्हणून पिल्लं बघायला जाल तेव्हा आधी आई बघा. तुम्ही, म्हणजे एक परका माणूस, आत आल्यावर ती काय करते? उठून भुंकली आणि मालकाने हाक मारल्यावर जवळ येऊन तुम्हाला हुंगून गेली, तर छान. शेपूट पोटाखाली घेऊन कोपऱ्यातून गुरगुरत राहिली तर पिल्लं कितीही गोंडस असोत, तिथून निघा. "ती जरा तिखट आहे, म्हणून आत कोंडलीय," असं सांगणाऱ्याकडूनही निघा. तिखटपणा म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा भित्रेपणा असतो, आणि पिल्लांत तो रक्तातून उतरतो तसाच आईला बघूनही उतरतो.

पिल्लं सात आठवड्यांची असतील तर मी एक गोष्ट नेहमी करते. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापासून चार हातांवर जमिनीवर टाकते. दचकतील सगळीच. बघायचं ते त्यानंतर. जे पिल्लू क्षणभर थबकून मग त्या किल्ल्यांकडे हुंगत जातं, त्याला माझी पसंती. पळून जाऊन बाहेरच न येणारं पिल्लू राखणीसाठी घेऊ नका. सगळ्यांना ढकलून पहिलं अंगावर येणारं, बुटाची नाडी धरून न सोडणारं पिल्लू लोकांना फार आवडतं, पण लहान मुलांच्या घरात ते नको. पिल्लूपणाच्या चाचण्यांवर मोठेपणीचं सगळं वागणं ओळखता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. दचकून सावरायला किती वेळ लागतो एवढीच खूण मी त्यातून घेते, आणि आईला पाहून जे वाटलं त्याला जास्त वजन देते.

पिल्लू कुठे वाढलं तेही विचारा. १९६१ साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी काही पिल्लं माणसाच्या स्पर्शाविना कुंपण घातलेल्या शेतात वाढवली आणि वेगवेगळ्या वयांत ती माणसांत आणली. जी चौदा आठवडे माणसापासून लांब राहिली, ती पुढेही माणसाला बिचकतच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की जे दिसेल ते "जगात असतंच" म्हणून पिल्लाच्या मनात बसतं. मागच्या खोपटात आठ आठवडे बंद राहिलेल्या पिल्लाचा यातला मोठा भाग तुमच्याकडे येण्याआधीच संपलेला असतो. घरात, माणसांच्या पायांत, भांड्यांच्या आवाजात वाढलेलं पिल्लू शोधा आणि साधारण आठ आठवड्यांचं झाल्यावर घरी आणा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत घरातच ठेवावं असं पूर्वी सांगत. आता अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांची संघटनाही सांगते, की पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, निरोगी कुत्र्यांसोबत आणि स्वच्छ जागी, पिल्लाला जग दाखवायला सुरुवात करावी. रस्त्यावर उतरवू नका, कडेवर घेऊन हिंडा. काठी टेकत चालणारा म्हातारा, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रडणारं बाळ, सायकल, सगळं दुरून दाखवा आणि प्रत्येक वेळी तोंडात खाऊ द्या.

मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. डॉबरमनच्या बाबतीत हृदयाची तपासणी झाली आहे का ते विचारा, कारण हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा आजार त्या जातीत खूप आहे.

आणि दादा, तुमच्या पत्नीचं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटतं. तुम्ही नसताना तो पट्टा त्यांच्याच हातात असणार. चाळीस किलोचा रॉटवायलर दोन मुलांसह सांभाळायला त्या मनापासून तयार नसतील तर तो घेऊ नका. चांगल्या आईबापांच्या, भरदार आवाजाच्या लॅब्राडॉरने फाटकाशी उभं राहून भुंकणं पुष्कळ घरांना पुरतं. फाटकाबाहेरच्या माणसाला आवाज ऐकू जातो. पुढे काय होईल याचा अंदाज बांधून तो परततो.

प्रश्न: आमचा जर्मन शेफर्ड सहा महिन्यांचा आहे, खेळकर आहे. ट्रेनर म्हणतात हा असाच राहिला तर सगळ्यांचा लाडका होईल, राखण करणार नाही. त्यांचा सल्ला: दिवसभर साखळीला बांधा, पाहुण्यांना हात लावू देऊ नका, मी माणूस पाठवतो तो काठीने डिवचेल, म्हणजे "तयार" होईल. आणि उलट वागला तर आडवा पाडून छातीवर दाबून धरा, म्हणजे मालक कोण ते कळेल. करावं का?

नाही. यातली एकही गोष्ट करू नका आणि ट्रेनर बदला.

साखळीपासून सुरू करते. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात घराबाहेरच्या माणसांना चावलेल्या कुत्र्यांची तुलना त्याच भागातल्या, न चावलेल्या कुत्र्यांशी केली गेली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा चावणाऱ्यांत असण्याची शक्यता जवळजवळ तिपटीने, नेमकं सांगायचं तर २.८ पटीने, जास्त निघाली. कारण समजायला अवघड नाही. भीती वाटली की कुत्र्याला दोन रस्ते असतात, लांब जाणं किंवा लांब घालवणं. साखळी पहिला रस्ता बंद करते. शिवाय रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण त्याच्या भुंकण्यानंतर निघूनच जातो, म्हणून अंगावर धावलं की माणूस पळतो हा धडा त्याला दिवसातून कितीदा तरी मिळतो. साखळी तुटते किंवा कुणी लहान मूल त्या वर्तुळात शिरतं, त्या दिवशी हा धडा दिसतो.

डिवचून तयार केलेला कुत्रा मी ओळखते. माझ्याकडे आलेला एक तपकिरी डॉबरमन असाच होता. काठी उचललेला माणूस बघून तो वेडापिसा व्हायचा आणि लोक म्हणायचे, वा, काय जोर! त्याचे कान मागे गेलेले असायचे, वजन मागच्या पायांवर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. तो घराचं काही राखत नव्हता, स्वतःला वाचवत होता. मग काठी सोडा, झाडू घेतलेल्या घरच्या मावशींवरही तो धावू लागला. त्याला पुन्हा माणसांत आणायला फार दिवस लागले, आणि तरीही झाडू दिसला की त्याचं अंग आखडायचं ते आखडायचंच.

आडवा पाडून दाबण्याबद्दल. लांडग्यांच्या कळपात एक "अल्फा" बाकीच्यांना दाबून ठेवतो या समजुतीवर ही पद्धत उभी राहिली. ती समजूत मुख्यतः बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांनी पूर्वी तो शब्द स्वतः वापरला होता. १९९९ मध्ये त्यांनीच स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारलं की तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्याने काय केलं. मारणं किंवा लाथ घालणं यावर ४३ टक्के कुत्री उलटली होती. आडवं पाडून धरल्यावर ३१ टक्के. नुसतं डोळ्यांत डोळे घालून रोखून बघितल्यावरही ३० टक्के. सहा महिन्यांच्या पिल्लाला तुम्ही आज पाडू शकाल. दोन वर्षांचा झाल्यावर घरातलं प्रत्येक जण पाडू शकेल का?

आता त्याच्या खेळकरपणाबद्दल. सहा महिन्यांचं पिल्लू परक्यावर भुंकत नाही हे अगदी योग्य आहे. त्या वयात जे परक्यांवर तुटून पडतं त्याची मला काळजी वाटते. जर्मन शेफर्ड मनाने मोठा व्हायला दीड ते तीन वर्षं लागतात. आपली जागा आणि आपली माणसं ही जाण त्या काळात आपोआप येते, ती डिवचून आणावी लागत नाही. सगळ्यांना भेटलेल्या कुत्र्याला साधं माणूस कसं वागतं हे पक्कं माहीत असतं, म्हणून वावगं वागणारा त्याला उठून दिसतो. मध्यरात्री कुंपणावरून उडी मारणाऱ्याशी तो शेजारच्या काकांशी वागतो तसा वागत नाही.

ज्यांना कुत्र्याला चावण्याचं शिक्षण द्यायची हौस आहे त्यांनी त्या खेळाचे नियम तरी बघावेत. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेली 'शुत्झहुंड' परीक्षा आज आयजीपी नावाने जगभर होते. तिला बसण्याआधी कुत्र्याला आज्ञापालनाची आणि गर्दीत शांत राहण्याची वेगळी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मूळ परीक्षेत माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग असतात. संरक्षणाच्या भागात कुत्रा लपलेल्या माणसाला शोधतो. तो माणूस निश्चल उभा असेल तर कुत्र्याने त्याच्यासमोर उभं राहून फक्त भुंकायचं; दात लावले तर गुण जातात. माणसाने हल्ला केला आणि कुत्र्याने बाही पकडली, तरी आज्ञा मिळताच सोडावी लागते. पकडायला शिकवणं सोपं असतं, खरी मेहनत सोडायला शिकवण्यात जाते. ती मेहनत वर्षानुवर्षं, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करण्याची तयारी नसलेल्या घरात या शिक्षणाची सुरुवातच करू नये असं माझं ठाम मत आहे. अर्धवट शिकवलेला कुत्रा ना घरचा राहतो ना कामाचा.

तुम्ही घरी काय शिकवायचं ते सांगते. भुंकणं आणि थांबणं. घरातल्या एकाला बाहेर पाठवून दार वाजवायला सांगा. कुत्रा दोन-तीनदा भुंकला की त्याच्याजवळ जा, दाराकडे एकदा बघा आणि नेहमीच्या आवाजात म्हणा, "बघितलं, पुरे." ओरडू नका, ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही त्याच्याबरोबर भुंकताय. लगेच वासाचा खाऊ त्याच्या नाकाशी न्या. हुंगायला तोंड मिटतं, त्या क्षणी खाऊ द्या. पुढच्या वेळी तोंड मिटल्यावर दोन सेकंद थांबून द्या, मग पाच, मग दहा. हे जमलं की "जागेवर" शिकवा, म्हणजे दारापासून थोडं लांब एक सतरंजी, "पुरे" नंतर तिथे जाऊन बसायचं आणि पाहुणा आत येईपर्यंत उठायचं नाही. सुरुवातीला दार न उघडताच सराव करा, नंतर दार किलकिलं करून, नंतर ओळखीचा माणूस आत घेऊन, आणि शेवटी अनोळखी. एकेक पायरी दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत पुढची पायरी नको. रोज पाच-पाच मिनिटं दोनदा पुष्कळ झाली. घरातल्या प्रत्येकाने हे शिकवायचं आणि शब्द सगळ्यांनी तेच वापरायचे.

एक पथ्य मात्र कडक. कुंपणाशी तासन्‌तास एकटा सोडू नका. एकटा कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकायला स्वतःच शिकतो, आणि त्याला "पुरे" म्हणायला तिथे कुणी नसतं.

प्रश्न: राखणीसाठी नर घ्यावा की मादी? कान आणि शेपूट कापल्याने कुत्रा जास्त तिखट होतो हे खरं आहे का?

कान-शेपूट कापल्याने काहीही होत नाही, दुखतं तेवढं. अनेक देशांत त्यावर बंदी आहे. उलट कान आणि शेपूट यांनीच कुत्रा मनातलं सांगतो, ते कापलेल्या कुत्र्याची भीती वेळेवर ओळखू येत नाही.

नर-मादीत राखणीच्या दृष्टीने मला फरक वाटत नाही. वर सांगितलेल्या डेन्व्हरच्या अभ्यासात चावणाऱ्यांत नर आणि नसबंदी न झालेले कुत्रे बरेच जास्त होते, म्हणून पहिलाच कुत्रा पाळणाऱ्या घराला मी मादी सुचवते. नसबंदीने भटकणं आणि नरांतली भांडणं सहसा कमी होतात, भित्रेपणा मात्र त्याने जात नाही. जर्मन शेफर्डमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे त्रास जास्त आढळले आहेत, म्हणून मोठ्या जातीत वय पशुवैद्याशी बोलूनच ठरवा.

प्रश्न: आमचा चौदा महिन्यांचा मिश्र जातीचा कुत्रा राखण छान करतो. पण गेल्या आठवड्यात तो हाड चघळत असताना पाच वर्षांचा मुलगा जवळ गेला, तेव्हा गुरगुरला. मिस्टरांनी त्याला दोन फटके दिले. तेव्हापासून तो गुरगुरत नाही, पण मुलगा जवळ आला की हाड घेऊन ताठ होतो. सासूबाई म्हणतात, कुत्रा द्या कुणालातरी. मला तो द्यायचा नाही.

ताई, तुम्ही "ताठ होतो" लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण आज तुमच्याकडे तेवढी एकच खूण उरली आहे. कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगतो: जीभ ओठांवरून फिरवतो, मान वळवतो, खाणं थांबवून ताठ होतो, मग गुरगुरतो, मग हवेत दात वाजवतो. गुरगुरण्यावर मार मिळाला की तो गुरगुरणं गाळतो. मनातली धास्ती तशीच राहते, उलट मुलगा जवळ आला की मारही मिळतो म्हणून वाढते. "काही कळायच्या आत चावला" असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्या पुष्कळ कुत्र्यांचं कळवणं आधी कुणीतरी बंद केलेलं असतं.

आजपासून हाडं बंद. जेवण एका खोलीत, दार लावून. मुलगा आणि कुत्रा एका खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस तिथे हवंच. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणं यात धरू नका. खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही हे मुलाला शिकवा, पण पाच वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर भरवसा ठेवू नका. मधे लहान फाटक बसवा.

मग पशुवैद्याकडे न्या. कान, दात, खुबे तपासून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्याला हात नको असतो, आणि या वयात खुब्याचं दुखणं सुरू झालेलं असू शकतं.

हे झाल्यावर सराव, आणि तो फक्त मोठ्यांनी करायचा. कुत्रा साधं काहीतरी खात असताना चार-पाच पावलांवरून जा, त्याच्याकडे न थांबता मांसाचा चांगला तुकडा त्याच्या बाजूला टाका आणि पुढे निघून जा. वाटीला हात लावायचा नाही. माणूस जवळ येतो तेव्हा काही जात नाही, वर मिळतं, हे त्याला कळू द्या. तुम्हाला बघून तो मान वर करून मऊ नजरेने, शेपूट सैल हलवत वाट बघू लागला की अंतर एका पावलाने कमी करा. ताठ झाला तर तुम्ही जास्त जवळ गेलात, पुन्हा मागे जा. कुत्र्याची कसोटी बघायला जेवताना त्याच्या वाटीत हात घालावा असं अजूनही कुणी कुणी सांगतं. त्यानेच हा त्रास वाढतो.

मिस्टरांना माझा निरोप द्या. मुलासाठी त्यांचा जीव तुटला हे मला समजतं. पण तो कुत्रा पुन्हा गुरगुरू लागला तर त्यांनी आनंद मानावा, मुलाला शांतपणे बाजूला घ्यावं आणि कुत्र्याला काही बोलू नये.

सासूबाईंची भीती खोटी नाही. सहा-आठ आठवडे असं करूनही ताठरपणा कमी झाला नाही, किंवा अन्नाशिवाय इतर वेळीही तो मुलाकडे रोखून बघू लागला, तर वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. तोवर जाळीच्या मुसक्याची सवय लावा, असं मुसकं ज्यात कुत्र्याला धापता आणि पाणी पिता येतं. सुरुवातीला मुसक्यात खाऊ ठेवून त्याला आपणहून तोंड घालू द्या. तज्ज्ञाने हे घर या कुत्र्यासाठी योग्य नाही असं सांगितलं, तर मुलं नसलेलं, सगळं माहीत असलेलं घर शोधणं ही त्या कुत्र्याचीच काळजी आहे.

रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे ना, हेही बघा. कुणालाही दात लागले तर, कुत्रा घरचा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो, त्यामुळे इथे वाट बघणं नाही.

प्रश्न: माझ्या शेळ्यांना कोल्ह्या-कुत्र्यांचा त्रास आहे. घराचा कुत्रा शेळ्याही राखेल का?

सहसा नाही. ते वेगळं काम आहे आणि त्याचे कुत्रेही वेगळे. तुर्कस्तानचा कांगाल, इटलीचा मारेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पिरेनियन हे कुत्रे पिल्लूपणापासून जनावरांमध्ये वाढवतात, म्हणजे ज्या वयात घरचा कुत्रा माणसांना आपलं मानायला शिकतो त्या वयात हे शेळ्या-मेंढ्यांना आपलं मानतात. नामिबियात चित्ता संवर्धनाचं काम करणारी एक संस्था १९९४ पासून पशुपालकांना असे कुत्रे देते. शेळ्या वाचतात, म्हणून चित्तेही मारले जात नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या वॉर्नाम्बूलजवळ मिडल आयलंडवर ओहोटीत कोल्हे चालत जाऊन छोट्या पेंग्विनना मारत आणि पेंग्विन दहाच्याही खाली आले होते. २००६ पासून तिथे मारेम्मा कुत्रे राखणीला ठेवले आणि पेंग्विनांची वस्ती पुन्हा वाढली. ते कुत्रे सहसा लढत नाहीत. तिथे असतात, खुणा करतात, भुंकतात, कोल्हा दुसरीकडे जातो.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना शेळ्यांशेजारी जाळीपलीकडे ठेवा, आधी शांत प्रौढ शेळ्यांबरोबर, करडांबरोबर नको. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत खेळ म्हणून करडांमागे धावेल, तेव्हा लक्ष ठेवावं लागेल. रोज हाताळा, पट्ट्याची आणि पशुवैद्याची सवय लावा; माणसाला हातच लावू न देणारा कुत्रा तुम्हालाही सांभाळता येणार नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. पिल्लामागे धावणं झेपणार नाही. प्राणी-आश्रयगृहातला मोठा कुत्रा राखणीला चालेल का? त्याचा स्वभाव कसा ओळखू?

बाई, तुमच्यासाठी मला तोच पर्याय सगळ्यात चांगला वाटतो. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव ठरलेला असतो. पिल्लाच्या बाबतीत अंदाज बांधावा लागतो, इथे डोळ्यांनी बघता येतं. आकाराने मध्यम निवडा, ज्याला तुम्ही जिन्यावर रोखून धरू शकाल असा.

पिंजऱ्यापुढे उभं राहून ठरवू नका, पिंजऱ्यात बहुतेक कुत्रे वेडेवाकडे वागतात. त्याला बाहेर काढायला सांगा आणि पट्टा धरून अर्धा तास चाला. तुम्ही थांबलात की तो मागे वळून तुमच्याकडे बघतो का? काठी टेकणारा किंवा पिशवी घेतलेला माणूस समोरून आला तर काय करतो? भुंकून तुमच्याकडे परतला तरी मला चालेल. पट्ट्याच्या टोकाला जाऊन बराच वेळ न सावरणारा तुमच्यासाठी नको. आश्रयगृहातल्या रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचारा: आधीच्या घराने का सोडला, कुणाला चावला आहे का, खाताना जवळ गेलं तर काय करतो? शक्य असेल तर वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जा.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला कुणाची भेट घालून देऊ नका. एक कोपरा, एक सतरंजी, ठरलेल्या वेळी जेवण आणि फिरणं. सुरुवातीला तो बहुधा भुंकणारच नाही आणि तुम्हाला वाटेल, राखण करणार नाही. पुष्कळ कुत्रे आपण इथले आहोत हे पटल्यावरच दारावर पहिल्यांदा भुंकतात. भुंकला की उठून दाराशी जा, बाहेर बघा, त्याला "बघितलं, पुरे" म्हणा आणि खाऊ द्या. रात्री त्याला अंगणात न ठेवता आत, तुमच्या खोलीच्या दाराशी झोपवा. बाहेर बांधलेल्या कुत्र्याला विषारी तुकडा टाकता येतो, आतल्या कुत्र्याला नाही, आणि आवाज दारापलीकडून आला तरी बाहेरच्याला तो पुरेसा ऐकू जातो.

पट्टा लांब, दोरीसारखा आवळणारा घेऊ नका. अंगात घालायचा हार्नेस घ्या, पुढे छातीवर कडी असलेला. त्याने तुमच्या खांद्याला हिसका बसणार नाही.